सल्ला देण्याआधीची चोवीस वर्षं : सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या



१५ सप्टेंबर जवळ आला की शाळाशाळांमध्ये अभियंता दिनाची तयारी सुरू होते. फळ्यावर विश्वेश्वरय्यांचं नाव रंगीत खडूने लिहिलं जातं आणि मुलं भाषणं पाठ करतात. त्या भाषणांत दोन गोष्टी हमखास असतात. एक मेणबत्तीची, दुसरी रेल्वेच्या रुळाची. मुलं टाळ्या वाजवतात, आपणही वाजवतो. पण अशा गोष्टी ऐकून मुलांच्या मनात एक समज पक्का होतो, की हा माणूस जन्मतःच जादूगार होता. आणि जादूगाराकडून शिकायचं तरी काय? त्याला नमस्कार करायचा आणि घरी जायचं!

मागच्या वर्षी दहावीच्या एका मुलीची आई मला भेटायला आली होती. म्हणाली, सर, हिला कन्सल्टंट व्हायचंय, त्यासाठी कोणता कोर्स लवकर होतो? मी त्या वेळी काहीतरी गोलमाल उत्तर दिलं. नंतर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. सल्लागार व्हायचा कोर्स असतो का? आपल्या देशातल्या सर्वात नावाजलेल्या सल्लागार अभियंत्याने तो कुठे केला? म्हणून या वेळचा पाठ त्यांच्या आयुष्यावर. मेणबत्ती आणि रूळ बाजूला ठेवून.

पुण्यापर्यंतचा रस्ता

विश्वेश्वरय्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळी या छोट्या गावचा. हे गाव चिक्कबळ्ळापूरजवळ आहे. वडील श्रीनिवासशास्त्री संस्कृतचे विद्वान, पण घरची परिस्थिती बेताची. वडील लवकर गेले. मुलगा शिकायला बंगळूरला आला आणि शिकवण्या करून स्वतःचं शिक्षण पुढे रेटत राहिला. १८८१ मध्ये सेंट्रल कॉलेजातून बी.ए. झाला. शिकवणी घेऊन शिकलेला हा मुलगा म्हणजे एका अर्थी आपल्याच पेशातला, नाही का?

पुढे म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले. हेच पुढे आपलं सीओईपी. १८८३ मध्ये अभियांत्रिकीच्या शेवटच्या परीक्षेत ते पहिले आले आणि त्यांना जेम्स बर्कले पारितोषिक मिळालं. पहिल्या आलेल्यांना मुंबई सरकार नोकरी देत असे. त्याप्रमाणे १८८४ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून ते रुजू झाले. पहिली नेमणूक नाशिक जिल्ह्यात, नंतर खानदेशात.

आपल्याकडचे बरेच निबंध इथून थेट म्हैसूरच्या धरणावर उडी मारतात. खरा पाठ मात्र मधल्या चोवीस वर्षांत आहे.

दातर्तीचा धडा

धुळे जिल्ह्यात साक्रीकडे दातर्ती नावाचं गाव आहे. तिथे पांझरा नदीतून पाणी पलीकडे नेण्यासाठी नळाचा सायफन बांधायचं काम या तरुण इंजिनिअरकडे आलं. पावसाळा सुरू झाला. नदीला पूर यायचा, वाळू आणि गाळ वाहून यायचा, केलेलं काम भरून जायचं. वैतागून त्यांनी वरिष्ठांना कळवलं, की पावसाळा संपेपर्यंत काम थांबवावं. वरिष्ठ नाराज झाले. इतक्या लवकर माघार घेणं हे शिस्तीला धरून नाही, असा त्यांचा सूर होता.

पुस्तकात पहिला आलेला विद्यार्थी नदीसमोर पहिल्यांदा अडला तो इथे. पुढे त्यांनी तेच काम पुन्हा हातात घेतलं आणि पूर्ण केलं. मग खात्याची परीक्षाही पार केली.

मला वाटतं, मुलांना मेणबत्तीपेक्षा ही गोष्ट सांगावी. कारण यात हार आहे, बोलणी खाणं आहे, आणि मग काम पुरं करणं आहे. परीक्षेत पहिला येणं आणि कामात पक्कं होणं यांच्यामध्ये एक नदी असते, ती प्रत्येकाला आपापली ओलांडावी लागते.

एकच विषय, पण किती बाजू!

विश्वेश्वरय्यांच्या नोकरीतली कामं ओळीने मांडली, तर एक गोष्ट पटकन दिसते. जवळपास सगळी कामं पाण्याची आहेत. पण दर वेळी प्रश्न वेगळा.

सिंधमधलं सक्खर तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. तिथे १८९४-९५ मध्ये त्यांना शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी पाठवलं. सिंधू नदी उशाला, पण पाणी इतकं गढूळ की पिणं अवघड. गाळण्याच्या टाक्या बांधायच्या तर नगरपालिकेकडे तेवढा पैसा नाही. मग त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेतली. नदीचं पाणी वाळूतून झिरपत विहिरीत येई आणि येता येता गाळलं जाई. तिथून ते उपसून उंचावर चढवायचं आणि शहराला द्यायचं. पैसा नाही या अडचणीतूनच स्वस्त तोडगा निघाला.

त्यानंतर काही काळ सुरत नगरपालिका, मग पुणे. पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासारख्यांचा सहवास त्यांना लाभला. देशाचा विचार करण्याची सवय तिथे लागली. १८९८ मध्ये रजा काढून ते चीन आणि जपान पाहून आले. नोकरीत असताना, कुणी पाठवलेलं नसताना, शिकण्यासाठी केलेला हा प्रवास. जपानने शिक्षण आणि उद्योग यांची सांगड कशी घातली, हे त्यांनी तिथे पाहिलं, आणि ते आयुष्यभर त्यांच्या मनात राहिलं.

परत आल्यावर पुणे जिल्ह्याच्या पाटबंधाऱ्यांचं काम आलं. खडकवासल्याचं धरण पुण्याला आणि कालव्याला पाणी देत होतं, पण पावसाळ्यात जादा पाणी सांडव्यावरून वाहून जायचं आणि उन्हाळ्यात टंचाई. भिंत उंच करायची तर खर्च मोठा, शिवाय जुन्या भिंतीवर भार वाढायचा. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवण्याची योजना केली. पाणी ठरलेल्या पातळीवर चढलं, की वजनांच्या तोलामुळे दरवाजे आपोआप उघडायचे. पातळी उतरली, की आपोआप मिटायचे. माणसाने धावत जायची गरज नाही. १९०१ ते १९०३ च्या सुमारास हे दरवाजे बसले आणि सुमारे ८ फूट जादा पाणी साठवता येऊ लागलं. त्यांच्या नावावर या दरवाजांचं पेटंट होतं. पण आपल्याच खात्याच्या कामासाठी केलेल्या शोधाचे पैसे त्यांनी खात्याकडून घेतले नाहीत.

जिथे तंत्र पुरत नाही तिथे

दरवाजा वजनाने उघडतो. माणसं तशी उघडत नाहीत! हे त्यांना नीरा कालव्यावर कळलं.

कालव्याचं पाणी उसाच्या बागायतदारांकडे भरपूर जायचं आणि शेवटच्या टोकाचा शेतकरी कोरडाच राहायचा. पाणी जास्त झालं की जमिनी पाणथळ व्हायच्या, गावात हिवताप वाढायचा. त्यांनी ब्लॉक पद्धत सुचवली. गावातल्या जमिनीचे ठरावीक गट पाडायचे. एका भागात ऊस, बाकीच्या भागात कमी पाण्याची पिकं, आणि दर काही वर्षांनी फेरपालट. पाणीही पाळीपाळीने, मोजून द्यायचं.

खानदेश आणि नाशिककडच्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. पांझरा, मोसम या नद्यांवर शेतकऱ्यांची फड पद्धत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली होती. एका फडात एकच पीक आणि पाण्याची पाळी ठरलेली. विश्वेश्वरय्यांची नोकरी सुरू झाली ती याच मुलखात. ब्लॉक पद्धतीचं फडाशी असलेलं नातं सहज नजरेत भरतं.

पण नीरेच्या बागायतदारांना हे मान्य नव्हतं. पाणी कमी होणार, सरकारचा डाव आहे, अशी ओरड झाली. वर्तमानपत्रांतून टीका झाली. वरच्या साहेबांनाही शंका होत्याच. विश्वेश्वरय्यांनी शेतकऱ्यांशी बोलणी केली, आकडे मांडले, समजावून सांगितलं, आणि पद्धत हळूहळू सुरू झाली. सल्लागाराचं निम्मं काम उत्तर शोधण्याचं असतं आणि निम्मं ते उत्तर लोकांच्या गळी उतरवण्याचं. हे दुसरं काम ते सरकारी नोकरीत असतानाच शिकले.

पुढे १९०४ पासून ते मुंबई सरकारचे सॅनिटरी इंजिनिअर झाले. शहरांचं पिण्याचं पाणी आणि सांडपाणी हा आता विषय. १९०६ मध्ये एडनला जाऊन तिथल्या पाण्याचा आणि गटारांचा आराखडाही त्यांनी तयार केला. आता जरा यादी जोडून पाहा. सायफन, विहीर, धरणाचे दरवाजे, शेतीचं पाणी, पिण्याचं पाणी, सांडपाणी. पाण्याची जवळजवळ प्रत्येक बाजू हाताखालून गेली होती. ठरवून आखलेला अभ्यासक्रम असावा, असा हा क्रम. पण तो कुठल्या कॉलेजाने आखलेला नव्हता. समोर आलेलं प्रत्येक काम त्यांनी पुढच्या कामाची तयारी समजून केलं.

छप्पर लागलं तेव्हा

अनेक ज्येष्ठांना मागे टाकून त्यांना बढत्या मिळाल्या होत्या. त्यामुळे खात्यात कुरबुर होती. आणि दुसरी गोष्ट जास्त बोचणारी. चीफ इंजिनिअरचं पद त्या काळात भारतीय माणसाच्या वाट्याला येईल, अशी आशा नव्हती. म्हणजे अजून कितीही वर्षं राबलं, तरी डोक्यावरचं छप्पर तिथेच.

अशा वेळी माणसं काय करतात, हे आपण आजूबाजूला पाहतो. काही जण कुढत बसतात, काही जण दिवस मोजत पेन्शनची वाट बघतात. विश्वेश्वरय्यांनी १९०८ मध्ये नोकरी सोडायची ठरवली. पेन्शनसाठी लागणारी २५ वर्षंही पुरी झाली नव्हती. सरकारने कामाची कदर करून पेन्शन दिली, ही गोष्ट वेगळी. आणि नोकरी सोडून ते निघाले कुठे, तर युरोप-अमेरिकेच्या अभ्यासदौऱ्यावर. धरणं, कारखाने, शहरांच्या पाणी योजना पाहायला. वय पंचेचाळीस ओलांडलेलं, नाव झालेलं, तरी वही-पेन्सिल घेऊन पुन्हा विद्यार्थी!

हैदराबादहून आलेली तार

२८ सप्टेंबर १९०८ रोजी हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला. हजारो लोक दगावले, शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. विश्वेश्वरय्या इटलीत होते, तिथे त्यांना निजाम सरकारची विचारणा गाठून आली. त्यांनी दौरा अर्धवट टाकला नाही. ठरलेला अभ्यास पुरा केला आणि एप्रिल १९०९ मध्ये हैदराबादेत कामाला सुरुवात केली.

इथे सल्लागार कसा विचार करतो, ते पाहण्यासारखं आहे. शहरात पूर आला म्हणजे शहरात भिंत बांधा, असं कुणीही म्हणेल. त्यांनी आधी प्रश्न विचारला, की एवढं पाणी आलं कुठून? पावसाच्या नोंदी गोळा केल्या, नदीचं वरचं खोरं तपासलं. त्या खोऱ्यात आठशेच्या आसपास लहान-मोठे तलाव होते आणि अतिवृष्टीत त्यातले दोनशेहून जास्त फुटले होते. एक तलाव फुटला की त्याचं पाणी खालच्या तलावावर, असं करत करत लोंढा शहरावर आला. मग उपाय आपोआप ठरला. पाणी शहराच्या वरच अडवायचं. मुसी आणि तिची उपनदी ईसी यांच्यावर दोन मोठे जलाशय बांधावेत, नदीचे काठ बांधून काढावेत आणि तिथे बागा कराव्यात, असा अहवाल त्यांनी त्याच वर्षी दिला. १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर पूर्ण झाला. शहराला पुरापासून आधार मिळाला आणि प्यायला पाणीही.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, सहा महिन्यांत एवढा मोठा प्रश्न सोडवला! पण त्या सहा महिन्यांच्या मागे दातर्तीचा गाळ होता, सक्खरची विहीर होती, खडकवासल्याचा सांडवा होता.

मोठं उद्दिष्ट आणि त्याची किंमत

१९०९ च्या नोव्हेंबरमध्ये ते म्हैसूरचे चीफ इंजिनिअर झाले. बोलावणं आलं तेव्हा लगेच हो म्हटलं नाही. उद्योग आणि तंत्रशिक्षण वाढवायची संस्थानाची तयारी आहे का, ते आधी विचारून घेतलं. पगार किती, हा प्रश्न नंतरचा. आपल्याला काय उभं करायचं आहे हे स्पष्ट असलं, की कोणतं काम घ्यायचं तेही स्पष्ट होतं.

कावेरीवरचं कृष्णराजसागर धरण १९११ मध्ये सुरू झालं. खर्च प्रचंड, त्यामुळे दरबारात धाकधूक होती. धरणाने शेतीला पाणी मिळेल आणि शिवसमुद्रमच्या वीजकेंद्राला बारमाही प्रवाह मिळेल, ती वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींना विकता येईल, असा हिशेब त्यांनी मांडून दाखवला. खडकवासल्यासारखे स्वयंचलित दरवाजे या धरणालाही बसले. १९१२ ते १९१८ ते म्हैसूरचे दिवाण होते. १९१३ मध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा आणि म्हैसूर बँक, १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ, चंदनतेलाचा कारखाना, ही त्याच काळातली कामं.

दिवाणपद त्यांनी सोडलं ते मतभेदामुळे. सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणेतर समाजांना राखीव वाटा द्यावा, अशी मागणी पुढे आली होती. महाराजांचा कल तिकडे होता, विश्वेश्वरय्यांना ते पटलं नाही. ज्या समाजांना शाळेची पायरीच चढू दिली गेली नव्हती, त्यांची बाजू त्यांना पुरेशी दिसली नाही, असं आज मला वाटतं. तुमचं मत वेगळं असू शकेल. पण चरित्र शिकवताना हे पान गाळू नये. मुलांना माणूस पूर्ण दाखवावा.

दिवाणपदानंतरची वर्षं

त्यानंतर कुठलं मोठं पद नसतानाही सल्ल्यासाठी बोलावणी येतच राहिली. मुंबई इलाख्याच्या तंत्रशिक्षण समितीचं अध्यक्षपद, बॅकबे भरावाच्या चौकशी समितीवर काम, कराची नगरपालिकेला सल्ला, भद्रावतीच्या लोखंड कारखान्याची घडी बसवणं, १९२७ पासून टाटांच्या पोलाद कंपनीचं संचालकपद. १९३४ मध्ये भारताच्या नियोजित अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिलं, त्यात दहा वर्षांच्या उद्दिष्टांची आखणी होती. ओरिसातल्या पुरांचा अभ्यास करून १९३७ च्या सुमारास महानदीच्या खोऱ्यात जलाशय बांधावेत असं सुचवलं. पुढे त्याच नदीवर हिराकूड धरण झालं. नव्वदी ओलांडल्यावर बिहारमधल्या मोकामाजवळ गंगेवर पूल कुठे बांधावा, यासाठीही त्यांचा सल्ला घेतला गेला.

१९५५ मध्ये भारतरत्न मिळालं. १५ सप्टेंबर १९६० रोजी त्यांच्या जन्मशताब्दीचं टपाल तिकीट निघालं, तेव्हा ते स्वतः हयात होते. एप्रिल १९६२ मध्ये, वयाची शंभरी पार करून, त्यांनी बंगळूरला शेवटचा श्वास घेतला.

वर्गात आणि घरात काय करता येईल?

१. भारताच्या नकाशावर नाशिक, धुळे, सक्खर, पुणे, हैदराबाद, म्हैसूर, महानदी आणि मोकामा ही ठिकाणं मुलांना दाखवायला लावा. सक्खरसाठी आजच्या पाकिस्तानात जावं लागेल. प्रत्येक ठिकाणासमोर तिथला पाण्याचा प्रश्न एका वाक्यात लिहू द्या. कौशल्य पायरीपायरीने कसं वाढतं, ते भाषणाशिवाय समजेल.

२. मुलांना एक विषय, एक वही द्या. विहीर, सायकल दुरुस्ती, घरची शेती, काहीही. वर्षभर त्याच विषयाचं पाहिलेलं, विचारलेलं, चुकलेलं लिहायचं. चुकलेलं तर नक्की.

३. मोठेपणी कोण होणार, हा निबंध आपण दरवर्षी देतो. या वेळी जोडीला दुसरा द्या : येत्या तीन महिन्यांत मी काय शिकणार? गावच्या पाणीपुरवठा योजनेला भेट देईन, टाकीची आकृती काढेन, पाणी सोडणाऱ्या काकांना पाच प्रश्न विचारेन. एवढं साधं, पण मोजता येईल असं.

त्या मुलीच्या आईला मी परवा फोन केला. म्हटलं, ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर उशिरा सापडलं. सल्लागार व्हायचा वेगळा कोर्स नाही. आधी तिला कोणत्या विषयाचा सल्ला द्यायला आवडेल, ते विचारा. मग त्या विषयाचं मिळेल ते लहान काम करू द्या. पहिल्या पावसाळ्यात काम वाहून गेलं, तर रागावू नका.

ताई थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, तिला बागेतल्या मातीचं फार वेड आहे, सर.

मी म्हटलं, मग सुरुवात झालीच की!